न धरलेली कंबर

चौबाऱ्याच्या मनोऱ्याजवळ कॅसेटचं नवं दुकान उघडलं होतं आणि दुकानापुढं भर रस्त्यात टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून एक पोरगा नाचत होता, म्हणून नरसिंगला सायकलवरून उतरावं लागलं. उतरायचं त्याच्या मनात नव्हतं. हँडलला भाजीची पिशवी लटकत होती, शाळेत दिवसभर फुंकलेल्या शिट्ट्यांनी डोकं भणभणलं होतं, आणि असल्या गर्दीचा त्याला मुळातच तिटकारा होता. पण रिक्षा अडल्या होत्या, माणसं माणसांच्या खांद्यावर चढली होती, आणि दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून कसलंसं धडधडतं संगीत अंगावर येत होतं. पोरगा विशीचा असावा. बोटं कापलेले हातमोजे, डोक्याला पट्टी. आधी त्यानं यंत्रासारखे हात मोडून दाखवले, खांद्यातून लाट काढली, ते नरसिंगनं कंटाळून पाहिलं. मग पोरगा एकाएकी खाली वाकला, दोन्ही तळवे पुठ्ठ्यावर टेकले आणि पाय फाकवून हवेत गोल भिरकावले. एकदा, पुन्हा, पुन्हा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नरसिंगच्या डाव्या मनगटातून एक कळ कोपरापर्यंत गेली. फ्लेअर. जिम्नॅस्टिकच्या लाकडी घोड्यावरची कसरत, आणि बिदरच्या रस्त्यावर, कॅसेटच्या दुकानापुढं, फ्लेअर. गुडघे वाकलेले होते, पंजे सैल होते, पण राग त्याचा नव्हता. पाय पुढून फिरताना दर वेळी त्या पोराची कंबर मागं बसत होती. जणू मागं कुणाचे तरी हात आहेत आणि ते झेलणार आहेत अशी ती निर्धास्त टेकायला जात होती, आणि हात नसल्यामुळं पुठ्ठ्यावर आपटत होती. ही कंबर त्याच्या ओळखीची होती. फार दिवस कुणीतरी धरून फिरवलेली कंबर अशीच होते. गुलबर्ग्याच्या हॉलमध्ये सगळ्यांची अशी होती, एक त्याची सोडून.

"बिदरचा ब्रेकडान्सर रामकिशन!" दुकानदार माईकवर ओरडला. "गुलबर्ग्याचे नामांकित जिम्नॅस्टिक कोच गुंडेराव सर, त्यांचे चिरंजीव!"

नरसिंगनं सायकल वळवली. कुणाच्या तरी पायावरून चाक गेलं, त्यानं शिवी हासडली, नरसिंगनंही हासडली. एरवी तो शिव्या देत नसे. घरी आला तेव्हा पिशवीतले टोमॅटो चेंगरून खालून गळत होते.

"कुठं पडलात काय?" सुशीला, त्याची बायको, म्हणाली.

"न्हाई."

"मग असं तोंड कामून करायलात?"

त्यानं पिशवी मोरीत नेऊन उलटी केली. गुंडेराव सर निवृत्त होऊन बिदरला राहायला आलेत हे त्याला ठाऊक होतं. कुठल्या गल्लीत राहतात हेही ठाऊक होतं, आणि त्या गल्लीला वळसा घालून शाळेत जायची सवय त्यानं लावून घेतली होती. वळसा घालतो हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. तिकडं रस्ता खराब आहे, एवढंच तो मनाशी म्हणायचा.

गुलबर्ग्याला तो कमलनगरहून गेला होता, सत्तर सालानंतर कधीतरी, अंगात नुसती रग आणि चपळाई घेऊन. बाप मारोतीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा नरसिंग आईच्या पोटात होता. बाप सांगायचा, तू जन्मलास तो मोकळा जन्मलास, तुझ्या अंगावर आमच्यासारखं काही न्हाई. नरसिंगचाही यावर विश्वास होता. पोहायला विहिरीत उडी मारली की तो पाण्यात शिरेपर्यंत दोनदा उलटा व्हायचा, आणि ते बघून शाळेतल्या कुणीतरी गुंडेराव सरांना सांगितलं. सरांचा हॉल शहाबादी फरशीचा, उंच पत्र्याचा. उन्हाळ्यात आत पाय ठेवला की भाजलेल्या दगडाचा आणि काथ्याच्या गादीचा वास यायचा. सर तेव्हा पस्तिशीचे असतील. बुटके, मानेचे जाड, दंडात बळ असं की दोन पोरांना दोन हातांवर तोलून धरत. शिकवणं म्हणजे धरणं, असं ते म्हणायचे. पोरगा हातांवर फिरायला लागला की ते मागं गुडघे टेकून बसत, दोन्ही पंजे त्याच्या कमरेला लावत, आणि त्याला चाकासारखा फिरवत. पोराची चड्डी, घाम, माती सगळं त्यांच्या हाताला लागायचं. शिवय्या नावाचा एक गुबगुबीत पोरगा होता, बापाचं आडत दुकान होतं. त्याला सर महिनोन्महिने असे फिरवत राहिले. शिवय्या हसत हसत फिरायचा. नरसिंगची पाळी आली की सर उभे राहायचे. खिडकीतली वेताची छडी घ्यायचे आणि लांबून छडीचं टोक त्याच्या कमरेला टेकवून म्हणायचे, "इथून उचल. इथून. बसू नको." पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण नवीन आहोत म्हणून. मग वाटलं, आपल्याला लवकर येतं म्हणून. मग एक दिवस हॉलच्या मागल्या नळावर सर हात धुताना दिसले, कोपरापर्यंत, साबण लावून. त्या दिवशी त्यांनी कुणालाच धरून फिरवलं नव्हतं. फक्त नरसिंग घोड्यावरून उतरताना तोल जाऊन त्यांच्या अंगावर आला होता आणि त्यांनी त्याला सवयीनं झेललं होतं.

कुणाला काय बोलणार? सर त्याला कधी शिवी देत नव्हते. जात काढत नव्हते. उलट पाहुणे आले की त्यालाच पुढं करत. पंजाबातल्या शिबिरातून फ्लेअर बघून आले तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांत आधी त्यालाच समजावून सांगितला. पाय जितके फाकतील तितके फाकायचे, आणि पाय ज्या बाजूला जातील त्याच्या उलट खांदे झुकवायचे. एक हात उचलला की सगळं वजन दुसऱ्यावर यायचं, आणि पोट छताला दाखवायचं. मग इतरांना त्यांनी धरून फिरवलं, आणि नरसिंग फरशीवर एकटा पडत राहिला. माकडहाड काळंनिळं झालं. पालथं झोपून जेवावं लागे. आणि पडता पडता एके सकाळी तो पडला नाही. पाय सुटले, जमीन खालून निघून गेली, खांद्यांमध्ये एक झुला तयार झाला आणि तो त्यात फिरत राहिला. पत्रा, खिडकी, सरांचे पाय, पत्रा, खिडकी, सरांचे पाय. त्याच्या मागं काहीच नव्हतं, म्हणून त्याची कंबर कशावर टेकत नव्हती. पुढं लोक म्हणायचे, या भागात असा फ्लेअर कुणाचा नाही. सर म्हणायचे, माझा विद्यार्थी आहे.

रविवारी सकाळी दाराबाहेरून आवाज आला, "नरसिंग हाय का घरात?" आणि मन काही ठरवायच्या आत त्याचं शरीर उठून उभं राहिलं. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, हात मांड्यांना चिकटले. सुशीला बघतच राहिली. त्याला स्वतःच्या टाचांचा इतका संताप आला की त्यानं एक पाय मुद्दाम बाजूला टाकला.

सर आत आले. मान तशीच जाड, पण खांदे कुणीतरी आतलं काढून घेतल्यासारखे. मागं तोच पोरगा, डोक्याची पट्टी नव्हती, केसांना तेल होतं.

"वळखलास का?"

"व्हय सर. बसा."

सर पलंगावर बसले. सुशीलानं चहा आणला. नरसिंगनं सगळं लक्ष त्या कपाकडं लावलं. आता हे काहीतरी कारण काढतील, उपास म्हणतील, साखर वर्ज्य म्हणतील. तो वाट बघत होता. त्यांनी कप नाकारावा म्हणून त्याच्या घशात एक हावरेपणा दाटला होता. सरांनी कप दोन्ही हातांनी उचलला. हात थरथरत होते. ओठांपर्यंत जाताना चहा सदऱ्यावर सांडला, तरी त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि म्हणाले, "अद्रक घातलंय. झाक केलाय चहा." नरसिंगला कुणीतरी हातातली काठी काढून घेतल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जपलेला राग, आणि या माणसानं तो चहाबरोबर सहज गिळून टाकला. सुशीला तर फडकं घेऊन सदरा पुसायला पुढं झाली.

"हे असं झालंय बघ," सर हात पुढं करत म्हणाले. "डॉक्टर म्हणतोय नसा. याला धरायला गेलं तर मीच पडायलोय. दसऱ्याला हैदराबादला याची नाचाची स्पर्धा हाय. मला ते नाचणं आवडत न्हाई. पर पोरगं माझं हाय. याचा फ्लेअर मागं बसायलाय. मी म्हणलो, नरसिंगकडं जाऊ. त्याच्यासारखा फ्लेअर मी कुणाचा बघितला न्हाई. मीच शिकवला की त्याला."

मीच शिकवला. पोरगा त्याच्याकडं बघून हसला. मोकळं, दात दाखवून. त्या हसण्यात काहीच नव्हतं, ना उपकार, ना कमीपणा. बापाच्या चेहऱ्यावरून कधीतरी पुसलं गेलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर शाबूत होतं, आणि नरसिंगला तेही सहन होईना.

"सकाळी शाळेच्या हॉलमध्ये आणा," तो म्हणाला. "फरशीवर करावं लागंल. मॅट न्हाई आमच्याकडं."

मॅट होती. हॉलच्या कपाटात गुंडाळून ठेवलेली, नवी कोरी. किल्ली त्याच्याच खिशात होती.

दुसऱ्या सकाळपासून ते येऊ लागले. सर रिक्षातून उतरत, पोरगा त्यांच्या कोपराखाली हात घालून त्यांना पायऱ्या चढवी. हॉलमध्ये एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर सर बसत. नरसिंगनं शिकवण्यात काही राखून ठेवलं नाही. ते त्यानं आधीच ठरवलं होतं. उद्या कुणी म्हणायला नको. तळवे थोडे बाहेर वळवायचे, बोटं फाकवायची. पहिला पाय नुसता फेकायचा नाही, जमिनीवरून खरवडत न्यायचा आणि शेवटी वर झटकायचा, त्या झटक्यानंच कंबर उठते. हात टेकायला घाई करायची, उचलायला नाही. पाय पुढून जातात तेव्हा भ्यायचं नाही, तिथंच सगळे भितात, तिथंच बसतात. तिथं पोट छताला दाखवायचं. सगळं खरं सांगितलं. फक्त आपले दोन्ही हात पाठीमागं एकात एक गुंतवून ठेवले. रामकिशन फिरायचा आणि मागं बसायचा, आणि माकडहाडाचा फरशीवर आवाज व्हायचा. तो आवाज नरसिंगला बरा वाटत होता. बरा वाटतोय याची त्याला लाज वाटायची, आणि तरीही पुढच्या आवाजाची तो वाट बघायचा. पोरगा मात्र लंगडत उठायचा, हसायचा, पुन्हा फिरायचा. खुर्चीतून सर ओरडायचे, "कंबर! अरे कंबर!" आणि त्यांचे हात मांडीवर आपोआप गोल फिरायचे, जणू हवेत कुणाला तरी धरून आहेत.

"सर, तुमचं मनगट वाकडं कशानं झालं?" पोरानं एकदा पडल्या पडल्या विचारलं.

नरसिंगनं तोंड उघडायच्या आत सर बोलले, "बेंगळूरला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात पडला. नशीब. न्हाईतर कुठल्या कुठं गेला असता."

नशीब. नरसिंगच्या डोळ्यापुढं बेंगळूरचा तो भला मोठा हॉल आला. उंच दिवे, रोगणाचा वास, परक्या वळणाच्या कन्नडचा गलका. घोडा नवा होता, त्याच्या पाठीवरच्या धरायच्या मुठी गुळगुळीत होत्या. शिवय्या घोड्यावर चढला तेव्हा सर लागून उभे होते, दोन्ही हात उघडे, पंजे वर. शिवय्याचा हात सुटला आणि सरांनी त्याला कमरेत उचलून अलगद खाली ठेवलं, बाळ उतरवावं तसं. मग नरसिंग चढला. सर तिथंच होते, हाताच्या अंतरावर. पण त्यांनी हाताची घडी घातली होती. फिरता फिरता ती घडी त्याला दर फेरीत दिसत होती. डावा तळवा मुठीवरून घसरला तेव्हा त्याला पडायला वेळ होता, भरपूर वेळ होता, एवढ्या वेळात कुणी घडी सोडून हात पुढं करू शकलं असतं. त्यानं त्या हातांकडं पाहिलं होतं. हात हलले होते का? कधी कधी त्याला वाटायचं, हलले होते, बोटं उघडली होती आणि पुन्हा मिटली होती. कधी वाटायचं, सरांना कळलंच नसावं. कधी वाटायचं, त्यांनी धरलं असतं तरी तो पडलाच असता. याचा निकाल इतक्या वर्षांत लागला नव्हता, आणि बहुतेक त्यामुळंच मनगट थंडीत ठणकायचं. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. पुढं पी.टी. मास्तरची नोकरी, शिट्टी, रांगा, सावधान-विश्राम.

"सर," रामकिशन फरशीवरून म्हणाला, "जरा धरा की मला. बाबा धरायचे तसं. एकदा कंबर वर गेलेली कळाली तर बसंल डोक्यात."

नरसिंग हलला नाही. पाठीमागं त्याची बोटं एकमेकांत आणखी घट्ट झाली. ती सोडवायचीत की नाही हे जणू त्याच्या हाती उरलं नव्हतं.

"धर रे त्याला, नरसिंग," खुर्चीतून सर म्हणाले. "कामून उभा राहिलास? पाय लागंल म्हणून भ्यायलास काय?"

नरसिंगनं बूट काढले. सदरा काढला. फरशीच्या मध्यभागी जाऊन बसला, पाय फाकवले, तळवे टेकले. डाव्या मनगटानं लगेच तक्रार केली.

"मी फिरतो," तो म्हणाला. "सर, तुम्ही धरा मला."

"मी? अरे, माझ्या हाताची गत बघायलास की तू."

"तवा तर हात होते, सर."

वरून बिदरच्या तळावरचं हवाईदलाचं सरावाचं विमान गेलं. हॉलचे पत्रे थरथरले. सर खुर्चीत ताठ झाले होते. रामकिशन एकदा बापाकडं, एकदा नरसिंगकडं बघत होता.

"तुला गरज नव्हती," अखेर सर म्हणाले. आवाज मास्तरचाच होता, पक्का. "शिवय्याला होती. बाकीच्यांना होती. तू धरल्याबिगर शिकलास. म्हणून तर तुझा फ्लेअर तसला झाला."

"बेंगळूरला?"

सर मांडीवरच्या हातांकडं बघू लागले. हात कापत होते, पण ते रोजच कापत.

"बाबा," रामकिशन म्हणाला, "सरांना धरत नव्हतात? कामून?"

"चल घरला."

"बाबा, कामून पर?"

"तवा सगळं तसंच होतं!" सर एकदम ओरडले. "मी एकटा होतो काय? त्याला हॉलमध्ये घेतलं म्हणून लोकांनी पोरं काढून घेतली माझी. शिवय्याचा बाप दारात येऊन बोलून गेला. तरी घेतलं की! तरी शिकवलं! आता धरलं न्हाई म्हणून..." वाक्य तिथंच लटकलं. ते उठायला लागले. खुर्ची मागं सरकून भिंतीवर आपटली. पोरानं कोपराखाली हात घातला, तो त्यांनी झटकला, आणि दोन पावलांवर तोल जायला लागला तसा पुन्हा स्वतःच पकडला.

नरसिंग तसाच पाय फाकवून फरशीवर बसून राहिला. रिक्षाचा आवाज लांब गेला. इतक्या वर्षांचं बोलून झालं होतं आणि अंगात काहीच उतरत नव्हतं, ना हलकेपणा, ना समाधान. उलट आता एक नवंच टोचायला लागलं. पोरं काढून घेतली म्हणे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरं असलं तर? खरं असलं तरी ते साबण लावून कोपरापर्यंत धुतलेले हात? दोन्ही खरं असू शकतं याची त्याला चीड आली. त्यानं तळव्यांवर जोर दिला आणि पाय भिरकावले. पत्रा, खिडकी, रिकामी खुर्ची. एक फेरी पुरी झाली. दुसरीत मनगटानं दगा दिला आणि तो खांद्यावर कोसळला. गाल फरशीला लागला. फरशी गार होती. शाळेची घंटा होईपर्यंत तो तसाच पडून होता.

सुशीलाला त्यानं दुपारी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"बोललात ते बरंच केलात," ती म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मग आता काय पायजे तुम्हाला?"

तो चिडून जेवणावरून उठला.

पुढं काही दिवस कुणी आलं नाही. नरसिंग हॉल उघडायचा, पोरांच्या रांगा लावायचा, शिट्टी फुंकायचा. एका पोरानं रांगेत खिदळल्याबद्दल त्यानं त्याला ग्राउंडला इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की मुख्याध्यापकांना बाहेर यावं लागलं. शाळेतून घरी जाताना तो आता सरांच्या गल्लीतून जाऊ लागला. जाताना मान वर ठेवायचा, दाराकडं थेट बघायचा. दार बंद असायचं.

आणि मग एका सकाळी रामकिशन एकटाच आला. दारात चपला काढल्या, हातमोजे खिशातून काढून घातले आणि नेहमीच्या जागी फरशीवर जाऊन बसला. हसला नाही.

"बाबानं पाठवलं?"

"न्हाई. त्यांनी जाऊ नको म्हणलेत. माझ्याशी बोलत न्हाईत."

"मग कशाला आलास?"

"शिकायचंय मला." पोरानं पाय फाकवले. "आईला विचारलो मी. आईनं सांगितलं सगळं. मला म्हाईत नव्हतं, सर."

"म्हाईत असून काय करणार होतास?"

नरसिंगला उत्तर नकोच होतं. त्याला त्या पोराचा अजूनही रागच येत होता. माहीत नसण्याचा राग, बापाच्या हातांत लहानाचा मोठा झाल्याचा राग, आता माहीत झाल्यावर इतकं साधं तोंड करून इथं येऊन बसण्याचा राग. घरी जा म्हणून सांगावं, असं त्याच्या अगदी जिभेवर होतं. ते न सांगता त्यानं खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, मॅट ओढत आणली आणि फरशीवर उलगडली. नव्या रबराचा वास सुटला. पोरानं मॅटकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. काही विचारलं नाही, मुकाट्यानं सरकून मॅटवर आला.

नरसिंग त्याच्या मागं गेला आणि गुडघे टेकून बसला. आपले हात समोर धरले. कुणाच्या कमरेला हात लावायचा म्हणजे नेमका कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या पोरांनाही तो आजवर शिट्टीनं आणि तोंडानंच शिकवत आला होता. हे आत्ताच, इथंच, त्याच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली. त्यानं पंजे लावले. बनियन ओली होती, खाली हाड होतं, हाडाभोवती ऊब होती. पोरानं पाय भिरकावले आणि सगळं वजन एकदम त्याच्या हातांवर आलं. एवढं वजन येतं, हे बघून कधीच कळलं नव्हतं. वाकडं मनगट कडकडलं. पाय पुढून फिरले तेव्हा कंबर जुन्या सवयीनं निर्धास्त मागं टेकायला आली, त्याच्या तळव्यांत आली. आता नुसती बोटं उघडायची होती. बोटं उघडावीत, असं त्याला मनापासून वाटलं, इतकं की तोंडाला पाणी सुटलं. त्यानं बोटं रुतवली आणि ती कंबर वर लोटली.

"सर, दुखायलंय," पोरगा धापा टाकत म्हणाला. "जरा ढिलं धरा."

"दुखू दे. फीर."

पोरगा फिरला. टाच एकदा नरसिंगच्या कानावरून गेली. कंबर पुन्हा आली, त्यानं पुन्हा लोटली, आणखी वर, आणखी. कधीतरी तिचं वजन हातांवर येईनासं झालं. ती आपली आपण वर राहू लागली होती. तरी त्यानं हात काढले नाहीत. पोराच्या कमरेवर त्याची दहाही बोटं लालभडक उमटली असणार, उद्यापर्यंत निळी होणार होती. घरी अंघोळीला बसताना बनियन निघाली की बापाला दिसणार होती. दिसू देत. नरसिंगनं बोटं आणखी आवळली.

"फीर," तो म्हणाला. "थांबू नको. फीर."